‘डिस्क गेली’ म्हणाले आणि साडेआठ हजार घेतले

लॅपटॉप सुरू केल्यावर विंडोजऐवजी काळा पडदा आला आणि त्यावर ‘ग्रब’ असं लिहून कर्सर लुकलुकत बसला, तर दुकान गाठण्याआधी एवढं वाचा. विशेषतः मशीनवर विंडोजबरोबर उबंटू किंवा दुसरं कुठलं लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) होतं आणि ते नुकतंच काढलं असेल तर.

मी नाशिकला काही व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. सगळं काम टॅलीवर. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला प्रॅक्टिकलसाठी उबंटू लागायचं, ते त्यानं माझ्याच लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी टाकलं होतं. मार्चमध्ये जागा कमी पडायला लागली तेव्हा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्यानं उबंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, उडवलं. त्या दिवशी मशीन मजेत चाललं. बंद करून पुन्हा लावलं आणि काळा पडदा.

मार्चअखेर, लोकांचे बँक स्टेटमेंट आणि पॅन कार्डं त्यात. मी सरळ दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं पडद्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “मॅडम, डिस्क गेली.” उबंटू काढल्याचं मी सांगितलं, त्यावर, “त्यानेच गेली. सेक्टर उडालेत.” डेटा मिळेल का विचारलं तर तो जरा थांबला. हे थांबणं मला आता आठवतं. समोरच्या बाईला डेटा किती हवाय, ते तो मोजत होता. मग भाव आला: डेटा लॅबमधून काढून आणायचे ३,५०० रुपये, नवा ५१२ जीबीचा एसएसडी, म्हणजे नवी डिस्क, ४,२००, ‘ओरिजिनल’ विंडोज टाकायचे ८००. एकूण ८,५००. जीएसटीचं बिल मागितलं तर वर १८ टक्के लागतील, म्हणाला. साध्या कागदावर पावती मिळाली.

दुसऱ्या दिवशी मशीन हातात आलं. डेटा सगळा होता. सगळा म्हणजे अगदी सगळा: फोल्डरांची नावं, तारखा, बंद पडायच्या आधी सेव्ह केलेली शेवटची एक्सेल फाइलसुद्धा. मी खूश. भाच्यानं मात्र कॉलेजच्या लॅब असिस्टंटला हा किस्सा सांगितला, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “जुनी डिस्क कुठाय?”

ती माझ्याकडे होती, पण सहज मिळालेली नव्हती. “ती आता कचरा आहे, आम्ही बायबॅकमध्ये टाकतो,” असं दुकानदार म्हणत होता. त्यावर लोकांची कागदपत्रं आहेत, मी ती देणार नाही, म्हणून मी अडून बसले. दहा मिनिटांनी आतून आणून दिली. लॅब असिस्टंटांनी ती एका यूएसबी केसमध्ये बसवून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. क्षणात सी ड्राइव्ह उघडला, टॅलीचा फोल्डर जागच्या जागी. (उबंटू टाकताना बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, बंद केलेलं होतं. ते चालू असतं, तर ४८ आकडी रिकव्हरी की दिल्याशिवाय आत शिरता आलं नसतं.) डिस्कची तब्येत दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात या ‘गेलेल्या’ डिस्कपुढे लिहून आलं, गुड, ९६ टक्के.

मग झालं काय होतं? आजच्या लॅपटॉपच्या डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, बहुतेकदा शंभर एमबीच्या आसपास. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. विंडोज सुरू करणारी फाइल त्यात मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात, आणि उबंटूची, म्हणजे ग्रब, शेजारच्या फोल्डरात. भाच्यानं उडवलं ते उबंटूचं मोठं पार्टिशन. ग्रबचा हा छोटा फोल्डर तसाच राहिला आणि आधी काय सुरू करायचं, त्या मदरबोर्डमधल्या यादीत उबंटूचं नावही पहिलंच राहिलं. वाडा पाडला, पण देवडीवरचा रखवालदार उभाच. मशीन लावलं की तो आधी उठतो, मालकाला शोधतो, मालक सापडत नाही, म्हणून पडद्यावर नाव टाकून हुकमाची वाट बघत थांबतो. विंडोजला धक्काही लागलेला नसतो.

आणि मुख्य गोष्ट अशी की पडद्यावरचा तो ग्रब त्याच डिस्कवरून वाचला जात असतो. खरोखर मेलेल्या डिस्कवरून तो येणारच नाही. तेव्हा ‘बूट करायला काही सापडलं नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, किंवा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नावच दिसत नाही. हे रोज मशीन उघडणाऱ्या माणसाला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

जुनी डिस्क परत लॅपटॉपमध्ये बसवली. तोच काळा पडदा. बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबली. ही कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ होतं. एंटर. विंडोज सुरू! पुढे बायोसमध्ये जाऊन ते नाव वर नेलं, एवढंच काम. काही मशीनवर तर ग्रबच्या पडद्यावर ‘एक्झिट’ टाइप करून एंटर मारलं तरी गाडी पुढे सरकते.

जुनं बायोस पद्धतीचं मशीन असेल तर मात्र थोडा फरक आहे. तिथे ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरात बसलेला असतो आणि पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’, ‘ग्रब रेस्क्यू’ असं येतं. त्यासाठी विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट बनवता येतो, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरून रिपेअरमध्ये जाऊन, कमांड प्रॉम्प्टवर ‘बूटरेक’ ही कमांड ‘फिक्सएमबीआर’ लावून चालवायची. नव्या मशीनवर विंडोजचीच बूट फाइल बिघडली असेल तर तिथेच ‘बीसीडीबूट’ ही कमांड. कुठल्याही पद्धतीत फॉरमॅट लागत नाही, आणि नवी डिस्क तर नाहीच नाही. हे काम दुकानात करून घेतलं तरी मजुरी द्यायला हरकत नाही. पण मजुरी वेगळी आणि हे वेगळं.

दुकानाचा हिशेब इथे संपला नाही. त्यानं दिलेला ‘नवा’ एसएसडी त्याच सॉफ्टवेअरमध्ये तपासला. पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिलेले तास, चार हजारांच्या वर. म्हणजे कुणाच्या तरी मशीनमध्ये वापरलेला. आणि ८०० रुपयांचं ओरिजिनल विंडोज? माझ्या लॅपटॉपबरोबर विंडोज होमचं लायसन्स आलेलं आहे, त्याची की मदरबोर्डमध्येच असते. होम पुन्हा टाकलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. यानं टाकलं होतं प्रो, म्हणजे विंडोजची दुसरीच आवृत्ती, चोरीच्या ॲक्टिव्हेटरनं, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला, डिफेंडरला, त्या फोल्डरकडे बघू नकोस असं सांगून ठेवलं होतं. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आला. अशा मशीनवर मी लोकांच्या नेट बँकिंगला लॉगिन करणार होते.

मी डिस्क घेऊन दुकानात गेले. “त्या वेळी दाखवत नव्हती, मॅडम.” कुठली लॅब, विचारलं. नाव नाही, पत्ता नाही, लॅबची पावती नाही. गिऱ्हाईकं ऐकायला लागली तशी डेटाचे ३,५०० परत मिळाले. बाकीच्याचं नाव काढलं की, “वस्तू वापरली तुम्ही.”

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पक्कं बिल नसलं तरी पैसे यूपीआयनं दिले होते, त्याची नोंद आहे, पावतीचा फोटो आहे आणि दोन्ही डिस्कचे स्क्रीनशॉट आहेत. पावतीवर एसएसडीचा सीरियल नंबर नाही, हाच कच्चा दुवा. तक्रार गेल्यावर दुकानातून फोन आला: तो एसएसडी आणून द्या, उरलेले पैसे घेऊन जा. मी तो अजून दिलेला नाही. आधी पैसे आणि लेखी पोच, मग एसएसडी, असं सांगून ठेवलंय.