म्हार्दोळच्या काकांचे ऑनलाइन मृत्युपत्र : एका सेवेचे परीक्षण

घरबसल्या मृत्युपत्र तयार करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचा अनुभव येथे नोंदवीत आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जो दोष सांगायचा आहे तो त्या एकाच कंपनीपुरता असेल असे मला वाटत नाही. गोव्यात म्हार्दोळला राहणाऱ्या माझ्या चुलत काकांनी यंदाच्या पावसाळ्यात ही सेवा घेतली. संगणकापुढे बसलो होतो मी, आणि ४,५०० रुपयांचे शुल्कही माझ्याच खात्यातून गेले.

काकांचा हेतू सरळ होता. मुलगा बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेला आणि तेव्हापासून बोलणे बंद आहे, म्हणून घर, कुळागर (माडापोफळींची बाग) आणि बेळगावचा फ्लॅट हे सर्व मुलीच्या नावे करावे असे त्यांनी ठरवले होते. काम झटपट झाले, हे मान्य केले पाहिजे. पाऊण तासात मसुदा हाती आला, त्याची मराठी स्वच्छ होती, आणि फोनवरच्या तरुणाने काकांना प्रत्येक शब्द न कंटाळता समजावून दिला.

खटकले ते वेगळेच. मालमत्ता कोणाला द्यायची हे त्या अर्जात चार वेळा विचारले जाते. तुम्हाला मुले किती, आणि त्यांपैकी कोणाला तुम्ही वगळत आहात, हे मात्र एकदाही विचारले जात नाही. मसुद्याच्या शेवटी एक ठरावीक वाक्य आपोआप येऊन बसते : ‘याव्यतिरिक्त अन्य कोणाचाही माझ्या मालमत्तेवर हक्क राहणार नाही.’ ते वाचताच मला कायद्याच्या वर्गात शिकलेला गायस आठवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा रोमन कायदेपंडित सांगतो की, बापाच्या सत्तेखाली असलेल्या मुलाला एकतर वारस नेमले पाहिजे किंवा नाव घेऊन वारसाहक्कातून काढले पाहिजे. ‘बाकीचे सारे वारसाहक्कातून बाद असोत’ हे घाऊक वाक्य मुलगी आणि नातवंडे यांच्यापुरते चालत असे. मुलासाठी ते पुरत नसे. मुलाबद्दल मृत्युपत्र गप्प राहिले तर ते मुळातच निरर्थक ठरे, आणि सारी मालमत्ता मृत्युपत्र नसल्याप्रमाणे वाटली जाई. मुलगी अशी राहून गेली तर मृत्युपत्र टिके, पण नेमलेल्या वारसांबरोबर तिलाही वाटा मिळे. मुलगा आणि मुलगी यांच्यातला हा भेद सम्राट जस्टिनियनने ५३१ मध्ये काढून टाकला. (आईच्या मृत्युपत्राला मात्र हा नियम नव्हता. मुले तिच्या सत्तेखाली नसल्यामुळे तिचे मौन हेच वगळणे मानले जाई. काकीला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ हसत होती.)

म्हणजे ज्या वाक्याच्या भरवशावर ही सेवा मुलाला बाहेर ठेवू पाहते, ते रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही मुलासाठी अपुरे ठरले असते. गोव्यात तर प्रश्न शब्दरचनेच्या पलीकडे जातो. पोर्तुगीज दिवाणी संहिता १८६७ ची. ती येथे १८७० मध्ये लागू झाली, मुक्तीनंतरही कायम राहिली, आणि तिच्यातील वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. त्यानुसार मुलांसाठी राखून ठेवलेल्या निम्म्या हिश्श्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. लावलाच, तर रोममधल्याप्रमाणे मृत्युपत्र उडत नाही. राखीव हिश्श्यावर अतिक्रमण करणारे दान तेवढ्यापुरते कापले जाते.

आता काकांचा हिशेब पाहू. विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक झालेली असल्याने निम्मे आधीच काकीचे आहे. उरलेल्या निम्म्यातले निम्मे दोन्ही मुलांसाठी राखीव. म्हणजे काका मनाप्रमाणे देऊ शकतात तो एकूण मालमत्तेचा चौथा भाग, आणि बोलणे बंद असलेल्या मुलाला, कोणाची इच्छा असो वा नसो, निदान आठवा भाग जातो. सेवेच्या मसुद्यात मात्र ‘माझी संपूर्ण मालमत्ता’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते.

याहून गंभीर चूक फोनवर झाली. मुलाला वगळण्याचे कारण लिहावे काय, असे मी विचारले असता उत्तर मिळाले, “सर, कारण लिहूच नका, त्याने वाद वाढतो.” राखीव हिश्श्याचा नियम जेथे लागू नाही तेथे हा सल्ला शहाणपणाचा असेलही. गोव्यात राखीव हिश्श्यापासून वंचित करायचे असेल तर कायद्याने मान्य केलेले कारणच लागते आणि ते मृत्युपत्रात उघडपणे नमूद करावे लागते. ही शिस्तही जस्टिनियनचीच आहे : ५४२ च्या फर्मानात त्याने मुलांना वगळण्याची चौदा कारणे मोजून दिली आणि त्यांपैकी कोणते लागू आहे ते मृत्युपत्रात लिहिण्याची सक्ती केली. आईवडिलांचा उदरनिर्वाह करण्यास विनाकारण नकार देणे हे पोर्तुगीज संहितेतले असेच एक कारण. नुसता अबोला हे कारण नव्हे. काकांनी मुलाकडे आजवर कधी काही मागितलेच नाही, त्यामुळे नाकारण्याची वेळही त्याच्यावर आली नाही.

बेळगावचा फ्लॅट गोव्याबाहेर असल्याने त्यापुरती तरी मोकळीक आहे, असेही आम्हाला सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार गोव्याच्या रहिवाशाच्या भारतातील इतर ठिकाणच्या स्थावर मालमत्तेलाही वारसाहक्काचा येथलाच कायदा लागतो. शिवाय घरी दोन साक्षीदारांसमोर सही करून कागद कपाटात ठेवण्याची जी सूचना मसुद्यासोबत येते, तीही येथे उपयोगाची नाही. मृत्युपत्र उघडे असो वा बंद (मजकूर गुप्त ठेवलेले), नोटरीपुढे जावेच लागते.

एवढे सगळे लिहून कळवल्यावर दहा दिवसांनी निम्मे शुल्क परत आले. “तेवढा राखीव हिस्सा असेल,” असे काका म्हणाले. सावंतवाडी-कुडाळकडच्या ज्या वाचकांची मालमत्ता स्वकष्टार्जित आहे आणि ज्यांच्या घरात भांडण नाही, त्यांना ही सेवा सोयीची वाटेल. गोव्यातल्यांनी तिच्यावर पैसे घालवू नयेत. अर्जाच्या पहिल्याच पानावर राज्य विचारले जाते, तेथे आम्ही ‘गोवा’ निवडले होते, आणि त्यानंतरचा एकही प्रश्न त्यामुळे बदलला नव्हता.

काका शेवटी फोंड्याच्या एका वकिलाकडे गेले. नव्या मसुद्यात मुलीला चौथा भाग आहे, आणि त्याच्या खालच्या ओळीत मुलाचे पूर्ण नाव आहे.