मडगावात बिऱ्हाड हलवल्यावर: दीडेक वर्षाचा अनुभव

विचारणारे बरेच झाले म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पुण्याहून मडगावला येऊन आम्हाला आता दीडेक वर्ष होत आलं. कारण साधं: माझी नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, औषध कंपनीत. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, मुलगी चौथीत. समुद्राकाठी राहायची हौस वगैरे काही नव्हती आणि ज्यांना ती आहे त्यांना या लिखाणाचा फारसा उपयोग नाही. मडगावला समुद्र नाही. कोलवा सहा-सात किलोमीटरवर आहे आणि आम्ही तिथे जातो ते बहुतेक वेळा पाहुणे आले की.

थोडक्यात मत हवं असेल तर: गाव राहायला चांगलं आहे, पण ते आपल्या वेळेवर चालत नाही. त्याच्या वेळा एकदा अंगवळणी पडल्या की निम्म्या तक्रारी मिटतात. उरलेल्या निम्म्या पावसाच्या, त्या काही मिटत नाहीत.

एक ते चार बंद या विषयावर पुण्याची थट्टा फार झाली. इथे अख्खा बाजार त्या वेळेत झोपतो आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. हार्डवेअरवाला, शिंपी, स्टेशनरीचं दुकान, सगळ्यांची शटरं खाली. रविवारी बाजार जवळजवळ बंदच. संध्याकाळी साडेआठनंतर काही आणायचं राहिलं असेल तर उद्यावर टाकायचं. नोकरी करणाऱ्या बाईला हे सुरुवातीला फार जड जातं, कारण मी सुटून घरी पोचेपर्यंत दुकानदार आवराआवरीला लागलेला असतो. त्यामुळे आमच्याकडे शनिवार सकाळ हा बाजारहाटाचा दिवस ठरून गेला आहे.

याची भरपाई गाव सकाळी करतं. साडेसहाच्या सुमाराला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो. मागच्या टोपलीत उंडे, कात्रे पाव, काकणं आणि कोंड्याची पोयी, सगळे पावाचेच प्रकार आणि सगळं गरम. तळमजल्यावरची मंडळी फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात, तो पाव टाकून जातो, हिशेब महिन्याने. हॉटेलात जाऊन भाजी-पाव खायचा तर तोही सकाळीच: पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, सोबत एक मिरची भजी. उशिरा उठणाऱ्यांच्या वाट्याला शिळा पाव आणि उपदेश येतो.

आता घर. इथल्या कितीतरी फ्लॅटचे मालक गोव्यात नसतात. कुणी आखातात, कुणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. किल्ली भावाकडे किंवा मावशीकडे. त्यामुळे गळणाऱ्या नळाचं काय करायचं हे ठरायला आठवडा जातो, कारण भाऊ फोन करणार, तिकडून उत्तर येणार, मग प्लंबर. करार करतानाच लिहून घ्या की अमुक रकमेपर्यंतची दुरुस्ती आम्ही करू आणि भाड्यातून वळती करू. आमच्या वकिलांनी ही अट घालायला लावली, ती फार कामी आली. करार अकरा महिन्यांचा असतो आणि भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. मालक टाळाटाळ करत असेल तर मागे लागा, ते कागद पुढे गॅस कनेक्शनपासून शाळेपर्यंत लागतात. वेर्ण्याला जाणाऱ्यांना फातोर्डा आणि बोर्डा सोयीचं, गावाच्या उत्तर टोकाला. मालभाट, पाजीफोंड म्हणजे बाजाराच्या कुशीत, पण गाडी लावायची पंचाईत.

घर पाहायला मात्र मे महिन्यात येऊ नका. मेमध्ये इथलं प्रत्येक घर देखणं दिसतं. जुलैत या. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे तीन हजारांच्या आसपास, आणि तोही बराचसा आडवा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. बाहेरच्या भिंतीत बसवलेलं कपाट असेल तर उघडून वास घ्या. इमारतीच्या गच्चीवर पत्रे किंवा कौलं घातलेली असतील तर ती दिसायला कशीही असो, वरचा मजला निर्धास्त घ्या. नुसती उघडी गच्ची असेल तर खालच्या मजल्यावर जा.

बुरशीबद्दल लोक सांगतात तेव्हा आपण मान डोलावतो, पण ती बघावी लागते. जूनमध्ये माळ्यावर ठेवलेल्या कोल्हापुरी चपला जुलैच्या अखेरीस हिरव्या झाल्या होत्या, नुसत्या डागाळलेल्या नाहीत, लव आलेल्या. पट्टे, पाकिटं, लग्नातल्या सुटाची कॉलर, गिटारची केस, सगळ्यांवर ती लव. लाकडी पोळपाटालासुद्धा. शेजारच्या आंटींनी सांगितलेला उपाय असा: कपाटात खाली एक छोटा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळता ठेवायचा. विजेचं बिल थोडं वाढतं, कपडे वाचतात. वीज गेली की बल्बही जातो हे खरं, आणि वीज जाते. मेच्या अखेरच्या गडगडाटातच टीव्ही, राउटर यांच्या पिना काढायची सवय लावून घ्या. इन्व्हर्टरला पर्याय नाही, घरून काम करणाऱ्यांना तर मुळीच नाही.

पावसाची तयारी इथे घराघरात होते आणि तिचा बाजारही भरतो. मे-जूनच्या सुमाराला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, जी फेरी (जत्रेचा बाजार) लागते तिला पुरुमेताचं फेस्त म्हणतात, म्हणजे चार महिन्यांच्या बेगमीची खरेदी. सुक्या मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या माळा, सोलं, चिंच, खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोलंबी), माडाचं व्हिनेगर. आपल्याकडच्या उन्हाळी वाळवणांची आठवण येते, फक्त वास वेगळा. यामागे कारणही आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत ताजी मासळी मिळते ती नदी-खाडीतली किंवा बर्फातली बाहेरची, आणि भाव विचारायची सोय नाही. आम्ही मासे खातो, त्यामुळे एसजीपीडीए या सरकारी प्राधिकरणाच्या मासळी मार्केटातला फेरा हा आमच्या शनिवारचा कळस. वाट्यावर विकतात, किलोवर कमी. "घे गो बाय, ताजें आसा," असं म्हणणारी प्रत्येक बाई खरं बोलतेच असं नाही. बांगड्याचा डोळा स्वतः बघायला शिका.

शाकाहाऱ्यांचंही अडत नाही, पण भाजी महाग. बरीचशी बेळगावहून घाट उतरून येते, त्यामुळे घाटात दरड आली की कोथिंबिरीचा भाव चढतो. फलोत्पादन महामंडळाचे गाडे जागोजागी आहेत, तिथे अनुदानातली भाजी मिळते. सकाळी लवकर जावं. आणि आंब्याबाबत तोंड बंद ठेवा. इथे मानकुराद हाच आंबा. हापूसचं कौतुक ऐकून घेतात, मग मानकुरादची एक फोड पुढे करतात. (मी फुटले आहे. नवरा अजून देवगडला धरून आहे.)

भाषेचं जरा जपून लिहिते. मराठी माणूस गोव्यात येतो तो आपल्याच घरी आल्यासारखा, आणि तिथेच लोकांना दुखावतो. कोकणी ही मराठीचीच बोली, हे वाक्य चुकूनही उच्चारू नका, गमतीतही नाही. १९८७ च्या कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली, मराठी शासकीय कामात वापरायची मुभा राहिली, १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत गेली, आणि मराठीलाही राजभाषेचा दर्जा हवा ही मागणी तरीही संपलेली नाही. या वादात घराघरातले लोक दोन बाजूंना उभे राहिलेले आहेत. परवा आलेल्याने त्यात मत देऊ नये. शिवाय सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, मराठी फोंडा, डिचोली, पेडण्याइतकी चालत नाही. ख्रिस्ती वस्ती मोठी, त्यांची कोकणी रोमी लिपीतली, मराठीशी संबंध बेताचा. आपण दोन वाक्यं मोडक्या कोकणीत बोललो की पुढची दहा वाक्यं ते आपल्यासाठी हिंदी-मराठीत बोलतात, हा माझा रोजचा अनुभव. मुलीला शाळेत कोकणी विषय आहे, देवनागरीतून, त्यामुळे ती आमच्या पुढे गेली. आता कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, कंडक्टरशी तीच बोलते.

आणि गंमत अशी की मराठी इथे सापडते ती आपण शोधत नसतो तिथे. देवळांच्या जत्रांत रात्री उशिरा सुरू होणारी नाटकं मराठीत, भजनं मराठीत. हरिमंदिराच्या दिंडीच्या दिवसांत मडगावच्या रस्त्यांवर विठ्ठलाचे अभंग ऐकताना पुण्याची पालखी आठवली, खोटं कशाला बोलू. गोमंत विद्या निकेतनात कार्यक्रम होत असतात. रवींद्र भवनात एका आठवड्यात तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक, आणि दुसऱ्या आठवड्यात मुंबईचं व्यावसायिक नाटक. सकाळी दारात मराठी पेपर येतो. नाताळात आंटींकडून दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट आलं, दिवाळीला आमच्याकडून चकल्या गेल्या होत्याच.

प्रवास हा या गावाचा कच्चा दुवा. ओला-उबर नाही. सरकारच्या पाठिंब्याचं गोवा माइल्स हे ॲप आहे, पण हव्या त्या वेळी गाडी मिळेलच असं नाही, आणि साध्या टॅक्सीचे दर ऐकून पुण्याचा रिक्षावाला देवमाणूस वाटायला लागतो. गावातल्या गावात मोटरसायकलवरचे पायलट उत्तम: एकट्या माणसाला, दर आधी ठरवून. पणजीला जायला कदंबची न थांबणारी शटल बस चांगली आहे, आणि झुआरीचा नवा पूल झाल्यापासून पूर्वीची ती पुलावरची रखडपट्टी गेली. मात्र खाजगी बसगाड्या रात्री आठच्या आत गुंडाळतात. स्वतःची दुचाकी हवीच. एमएच पाटीची गाडी आणलीत तर बारा महिन्यांच्या वर ठेवायची असल्यास इथे नोंदणी बदलावी लागते; त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी निघायला वेळ लागतो, म्हणून निघण्यापूर्वीच अर्ज करा. जीए ०८ लागल्यावर रस्त्यात कागद विचारायचं प्रमाण एकदम घटलं, हा योगायोग असेलही.

विमानाचं तिकीट काढताना विमानतळ बघा. दाबोळी मडगावहून पंचवीसेक किलोमीटर, मोपा राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. माझ्या दिरांनी स्वस्त म्हणून मोपाचं काढलं आणि वाचवलेले पैसे टॅक्सीत घातले. पुण्याला रेल्वेने जायचं तर गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरजवरून जाते आणि भल्या पहाटे उतरवते. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात हळू धावतात, तेव्हा जुनी वेळ धरून स्टेशनवर जाऊ नका.

आजारपणाचं ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांनी आधी बघावं. गावात जिल्हा रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने पुष्कळ आहेत, पण मोठं काही झालं की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथे उपचार चांगले, गर्दी प्रचंड, आणि बाहेरच्यांना काही उपचारांचे पैसे पडतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाला गोव्यात पाच वर्षं वास्तव्य लागतं, सरकारी नोकरीच्या रहिवासी दाखल्याला पंधरा. म्हणजे इथे आल्या आल्या आपण कुठल्याच योजनेत बसत नाही. आरोग्य विमा चालू ठेवा.

पाहुण्यांचा खर्च वेगळा धरा. हे विनोदाने लिहीत नाही. पुण्यात वर्षाला दोनदा फोन करणारे इथे ऑक्टोबरपासून रांगेत उभे असतात, आणि जाताना बाटल्या नेण्याबद्दल विचारतात. दारू राज्याबाहेर न्यायला परवाना लागतो, हे मी आता पाठ म्हणून दाखवते.

राहता राहिला घर विकत घ्यायचा प्रश्न. इथे सात-बारा नाही, फॉर्म एक आणि चौदा असतो. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक मालकीची) आहे का, मुंडकाराचा (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क आहे का, सनद (बिगरशेती परवानगी) झाली आहे का, हे वकिलाकडून तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. त्यातून गोव्याला पोर्तुगीज काळापासूनचा, १८६७ चा नागरी कायदा लागू आहे. त्यात लग्नानंतर मालमत्ता सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांची, त्यामुळे विक्रीला दोघांच्या सह्या लागतात, आणि वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांचं आधी निस्तरावं लागतं. बोर्ड्याला एक फ्लॅट आम्हाला आवडला आहे, गच्चीवर पत्रे आहेत, भिंती जुलैत कोरड्या होत्या. तीन भावंडांपैकी दोघांच्या सह्या तयार आहेत. तिसरे लिस्बनला असतात, नाताळात येणार म्हणतात. तोवर भाडं.