अ‍ॅनोडायझिंग बाथला अ‍ॅसिड रिकव्हरी युनिट, १४ महिन्यांनंतर

भोसरीत आमचं छोटं अ‍ॅनोडायझिंग शॉप आहे (अ‍ॅल्युमिनियमच्या मालावर अ‍ॅसिडमध्ये करंट देऊन ऑक्साइडचा थर चढवायचा, मग रंग), सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा एकच ४००० लिटरचा टँक. त्याला वापरलेलं अ‍ॅसिड साफ करून परत देणारं डिफ्यूजन डायलिसिसवालं युनिट लावून १४ महिने झाले, जो तो विचारतो घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी काय व्हायचं, बाथमध्ये विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम लिटरला २० ग्रॅमच्या आसपास गेलं की व्होल्टेज चढायचं, काळा डाय (रंग) एका जिगवर (माल टांगायची चौकट) काळा तर दुसऱ्यावर चॉकलेटी, मग अर्धा बाथ ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) सोडा, चुना मारा आणि टँकमध्ये नवीन अ‍ॅसिड ओता. खरा ताप त्या चुन्याचाच, कारण चुन्याने १ किलो सल्फ्युरिक न्यूट्रल केलं की कोरडं धरलं तरी पावणेदोन किलो जिप्सम तयार होतं, ओला गाळ तर त्याहून जड, आणि तो पैसे मोजून रांजणगावला घातक कचऱ्याच्या साइटवर पाठवायचा.

युनिट दिसायला अगदीच साधं आहे. मेम्ब्रेनची चळत, एका बाजूने बाथचं अ‍ॅसिड, दुसऱ्या बाजूने उलट्या दिशेने पाणी, अ‍ॅसिड पलीकडे जातं आणि अ‍ॅल्युमिनियम बहुतेक सगळं अलीकडेच राहतं. प्रेशर नाही की करंट नाही, दोन बारके पंप. पण चाल गोगलगायीची, रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. लिटरला १८० ग्रॅमचं अ‍ॅसिड जातं, १५० च्या आसपास परत येतं, म्हणजे थोडं ताजं टाकावंच लागतं. बाथमधलं अ‍ॅल्युमिनियम आता लिटरला ८ ते १० ग्रॅमवर टिकून आहे आणि रंगाच्या शेडची बोंब जवळपास बंद, माझे पैसे वसूल झाले ते इथे, अ‍ॅसिड काय स्वस्तच असतं हो. (अ‍ॅल्युमिनियम शून्यावर न्यायच्या नादी मात्र लागू नका, कोरा बाथ नीट चालत नाही, जुने लोक त्यात थोडा जुना बाथ उगाच नाही मिसळत.)

सेल्सवाला म्हणाला होता ईटीपीची गरजच राहणार नाही. थापा! अ‍ॅल्युमिनियमवालं पाणी न्यूट्रल करावंच लागतं, आणि धुण्याच्या टँकमधलं अ‍ॅसिड इतकं पातळ की ते यात टाकून काही उपयोग नाही. शिवाय रिकव्हरीचा टक्का फक्त मोकळ्या अ‍ॅसिडचा असतो, अ‍ॅल्युमिनियमला बांधलं गेलेलं त्यात धरू नका.

तिसऱ्या महिन्यात माती मीच खाल्ली. डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारा) बंद होता म्हणून दोन दिवस बोअरचं पाणी लावलं, त्यातलं कॅल्शियम आणि आपलं सल्फेट, मेम्ब्रेनमध्येच जिप्सम धरलं आणि फ्लो अर्ध्यावर. काही मेम्ब्रेन बदलाव्या लागल्या, सर्व्हिसवाला यायला तीन आठवडे. तेव्हापासून युनिटमध्ये जाणाऱ्या अ‍ॅसिडला फिल्टर, पाणी फक्त डीएम, आणि दिवाळीच्या सुट्टीतही मेम्ब्रेनची चळत पाण्याने भरलेलीच ठेवतो, वाळली की गेली.

गॅल्व्हनायझिंगवाल्या मित्राला मात्र मी नको सांगितलं, त्याच्या हायड्रोक्लोरिकमध्ये झिंक भरपूर आणि ते क्लोराइडला चिकटून निगेटिव्ह होतं, आणि या मेम्ब्रेन निगेटिव्हलाच वाट देतात, मग अ‍ॅसिडबरोबर तेही पलीकडे येतं.