तयार मटेरियल की स्वतःचा संच? मराठी ॲपसाठी कॉम्पोनंट निवडताना

ॲपचं काम हातात आलं की पहिल्या काही दिवसांतच हे ठरवावं लागतं. बटण, टेक्स्ट फील्ड, चिप, स्विच, बॉटम शीट हे सगळे कॉम्पोनंट (स्क्रीनचे सुटे भाग) मटेरियल ३ या गूगलच्या डिझाइन-प्रणालीतून तयार घ्यायचे, की डिझायनरने फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला आपला स्वतःचा संच कोडमध्ये उभा करायचा? मी फ्लटरमध्ये (गूगलचं ॲप बनवण्याचं साधन) दोन्ही करून पाहिलं आहे. ॲप होतं दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी: फवारणीच्या नोंदी, औषधांचा साठा, मजुरांचा हिशेब. माझं मत या वापरातून बनलेलं आहे. तुमचं ॲप फक्त इंग्रजीत असेल, तर पारडं दुसरीकडेही झुकू शकेल.

दिसण्यात स्वतःचा संच पुढे, हे आधीच मान्य करतो. मटेरियलचं ॲप शेजारच्या ॲपसारखंच दिसतं, ही तक्रार खरी आहे. शिवाय एका मूळ रंगावरून पूर्ण रंगसंगती बनवून घेतली की आपला ठसठशीत हिरवा थोडा मवाळ होऊन येतो. मुख्य रंग हाताने बदलून हे सुधारता येतं, पण ते मुद्दाम करावं लागतं. ग्राहकाला पहिल्या बैठकीत दाखवायला स्वतःचा संच जास्त भावतो.

माझा निर्णय मात्र ठरला तो उकारामुळे.

आपली लिपी वरही जाते आणि खालीही. वेलांटी, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर. उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरं खाली. फिग्मात संच काढताना बटणाला ठरावीक उंची दिली जाते, वरखाली ठरावीक पॅडिंग (मोकळी जागा) येतं, आणि लाइन हाइट (ओळीची उंची) असते इंग्रजी फाँटच्या मापाची. डेव्हलपर तेच आकडे जसेच्या तसे कोडमध्ये उतरवतो. डिझाइनच्या फाइलमध्ये सगळं नीटच दिसतं. पण बागायतदाराने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेलं असतं (चाळिशी ओलांडलेले बरेच जण करतात, आणि अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत नेता येतं) आणि ठरावीक उंचीच्या चौकटीत अक्षराचा पाय कापला जातो. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाच्या नोंदीत १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी असं लिहिलेलं असतं. उकार कापला गेला की चुन्याचा ‘चना’ होतो आणि ‘भुरी’ या द्राक्षावरच्या रोगाची ‘भरी’. फवारणीची नोंद निर्यातीच्या कागदपत्रांसाठी वापरायची असेल, तर असं संदिग्ध वाचन चालत नाही.

मटेरियलच्या बटणाला किमान उंची असते, कमाल नसते. अक्षर वाढलं की बटणही वाढतं. टेक्स्ट फील्डचंही तसंच. शिवाय मटेरियलच्या टायपोग्राफीत उंच लिप्यांचा वेगळा विचार पहिल्यापासून केलेला आहे. स्वतःच्या संचात हे करता येत नाही असं अजिबात नाही. पण प्रत्येक कॉम्पोनंटमध्ये, प्रत्येक नव्या स्क्रीनवर ते कुणीतरी लक्षात ठेवून करावं लागतं. मुक्तासारखा प्रशस्त ओळ मागणारा देवनागरी फाँट घेतला, तर आणखी जपावं लागतं. माझ्या अनुभवात एका जागी दुरुस्त केलेला उकार पुढच्या अपडेटला दुसऱ्या जागी पुन्हा कापला जायचा. याच कटकटीला मी कंटाळलो.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. मटेरियलचं बटण दिसायला ४० डीपी (स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक) उंचीचं असलं तरी बोटासाठी ४८ डीपीची जागा राखून ठेवतं. फवारणी करून आलेल्या, हातमोजा घातलेल्या बोटाला तेवढी लागतेच. मटेरियलचा स्विच चालू आहे की बंद, हे टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन वाचून दाखवणारा सहायक) आपोआप सांगतो. नुसत्या जेश्चर डिटेक्टरवर (फ्लटरचा फक्त स्पर्श ओळखणारा घटक) बांधलेला आपला स्विच मुका राहतो. त्याला सिमँटिक्स, म्हणजे टॉकबॅकने वाचायची माहिती, वेगळे द्यावे लागतात.

मटेरियल सगळीकडे बरं आहे असंही नाही. खालच्या नेव्हिगेशन बारमधली नावं मोठ्या अक्षराच्या सेटिंगला पुरेशी मोठी होत नाहीत, आणि पाच टॅब ठेवले तर ‘फवारणी नोंदी’सारखं नाव तिथे मावतच नाही. मी तीनच टॅब ठेवले आणि नावं एकेका शब्दाची केली. निष्क्रिय बटणाचा फिकट राखाडी तर उन्हात बागेत उभं राहिल्यावर दिसतच नाही. तो गडद करून घेतला आणि बटण निष्क्रिय का आहे हे खाली एका ओळीत लिहिलं. रंग थीममध्ये (ॲपभर लागू होणारी रंग-फाँटची एकत्रित सेटिंग) एकदाच बदलावा लागला आणि टॅबही एकाच जागी, म्हणून त्यांचा जाच वाटला नाही.

तुमच्याकडे कॉम्पोनंटची देखभाल करणारा एक माणूस कायम असेल आणि ब्रँडची ओळख हाच धंद्याचा कणा असेल, तर स्वतःचा संच जरूर करा. दोन-तीन जणांची टीम असेल तर मी तरी मटेरियलच घेईन, रंग, कोपऱ्यांची गोलाई आणि फाँट थीममधून बदलेन, आणि स्वतःचं म्हणून एखाद-दुसरंच कॉम्पोनंट बांधेन. माझ्या ॲपमध्ये ते फवारणीच्या कार्डाचं होतं, कारण औषध, मात्रा आणि काढणीपर्यंत उरलेले दिवस एका नजरेत दाखवणारं काही तयार मिळत नव्हतं. त्या कार्डालाही मी ठरावीक उंची दिलेली नाही.