पारदर्शक कडा छाटण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे: फोटोशॉप, गिम्प, फोटोपी की इमेजमॅजिक?

सोलापुरात फोटो संपादनाचे काम मुख्यतः दोन ठिकाणी चालते. एक म्हणजे टॉवेल, चादरी आणि नॅपकिन ऑनलाइन विकू लागलेले कारखानदार, आणि दुसरे म्हणजे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेपासून वाढदिवसापर्यंत वर्षभर फलक छापणारी फ्लेक्सची दुकाने. दोघांचीही एक अडचण सारखीच आहे: फोटोची पार्श्वभूमी काढून टाकली की वस्तू किंवा चेहरा मध्ये राहतो आणि चारही बाजूंना मोठी पारदर्शक जागा उरते. ही जागा छाटण्याची सोय बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये आहे, परंतु प्रत्येकाची रीत वेगळी असल्यामुळे निवड करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी लागते. आपल्याला संपूर्ण चित्राचा कॅन्व्हास, म्हणजे चित्राची पूर्ण चौकट, छाटायचा आहे, की कॅन्व्हास तसाच ठेवून त्यावर एकावर एक रचलेल्या थरांपैकी फक्त एका थराची, म्हणजे लेअरची, हद्द कमी करायची आहे?

फोटोशॉपमध्ये दुसरा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. तेथे लेअरची हद्द तिच्यातील रंगीत पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) जिथपर्यंत आहेत तिथपर्यंतच मानली जाते, आणि रिकामी जागा पुसली की ती हद्द आपोआप आत सरकते. 'इमेज' मेनूतील 'ट्रिम' हा पर्याय छाटतो तो कॅन्व्हास. त्यात पारदर्शक पिक्सेल, डाव्या वरच्या कोपऱ्यातील रंग किंवा उजव्या खालच्या कोपऱ्यातील रंग यांपैकी कशाच्या आधारे छाटायचे ते ठरवता येते, तसेच चारपैकी कोणत्या बाजू छाटायच्या हेही निवडता येते. एकाच लेअरच्या मापाने कॅन्व्हास हवा असेल तर बाकीच्या लेअर आधी लपवाव्या लागतात. एका फाइलमध्ये दहा रंगांचे टॉवेल दहा लेअरवर ठेवलेले असतील, तर 'लेअर्स टू फाइल्स' या निर्यातीत पीएनजी हा पारदर्शकता जपणारा फाइल-प्रकार निवडून 'ट्रिम लेअर्स' वर खूण केली की प्रत्येक टॉवेल कडा छाटलेल्या स्वतंत्र फाइलच्या रूपात मिळतो. दर महिन्याचे शुल्क हा मात्र छोट्या दुकानासाठी खरा विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

गिम्प विनामूल्य आहे, पण त्यातील लेअरची घडण निराळी आहे. तेथे प्रत्येक लेअरला स्वतःची आयताकृती चौकट असते, ती तुटक रेषेने दाखवली जाते, आणि आतले पिक्सेल पुसले तरी चौकट आकसत नाही. ती आकसण्यासाठी 'लेअर' मेनूतील 'क्रॉप टू कंटेंट' वापरावे लागते. कॅन्व्हाससाठी अशाच नावाचा पर्याय 'इमेज' मेनूतही आहे, आणि घाईत नेमका चुकीचा निवडला जाण्याची शक्यता असते. मोठ्या फलकात या फरकाला महत्त्व येते. १० बाय ६ फुटांचा फलक इंचाला ७२ पिक्सेल या प्रमाणात धरला तर ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात. आठ बिटांच्या रंगात एका पिक्सेलला पारदर्शकतेसह ४ बाइट लागतात, म्हणजे पूर्ण आकाराची एकेक लेअर संकोचन न करता सुमारे १८० एमबी होते. फलकावर पंधरा-वीस चेहरे असतील आणि प्रत्येकाची चौकट पूर्ण कॅन्व्हासएवढी राहिली असेल, तर साध्या संगणकाची गती का मंदावते ते वेगळे सांगायला नको. चेहरा कापून झाला की लगेच लेअर छाटण्याची सवय गिम्प वापरणाऱ्याने लावून घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. गिम्पच्या २.१० या आवृत्तीत छाटलेल्या चौकटीबाहेर ब्रश उमटत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत रंगवताना लेअर आपोआप वाढवण्याची सोय झाली आहे.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, छाटणी फसण्याचे सर्वात मोठे कारण एकच असते, आणि टेरी टॉवेलच्या फोटोत ते हमखास दिसते. टॉवेलच्या टोकाच्या दशा आणि पृष्ठभागावरचे बारीक फंदे यांच्याभोवती पार्श्वभूमी काढल्यावरही अतिशय फिकट, जवळजवळ अदृश्य पिक्सेल उरतात. जुन्या सावलीचा एखादा ठिपका दूर कोपऱ्यातही राहून जातो. डोळ्यांना तो भाग रिकामा दिसतो, पण छाटणीच्या हिशेबात पूर्ण पारदर्शक नसलेला एक पिक्सेलही पुरेसा असतो आणि छाटणी तिथेच थांबते. फोटोशॉपमध्ये लेअरला तात्पुरती 'स्ट्रोक' ही शैली गडद लाल रंगात द्यावी, म्हणजे भटक्या ठिपक्यांभोवतीही रेघ उमटते आणि ते खोडरबराने पुसता येतात. गिम्पमध्ये खाली काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या लेअर आळीपाळीने ठेवून तपासणी करता येते. दशा मात्र पुसू नयेत, कारण कापल्यासारखी सरळ कड असलेला टॉवेल ग्राहकाला खोटा वाटतो.

फोटोपी ब्राउझरमध्येच चालते, पीएसडी म्हणजे फोटोशॉपची लेअरसह फाइल उघडते आणि त्यातील 'ट्रिम' फोटोशॉपसारखेच आहे. क्वचित काम असणाऱ्याला ते पुरेसे आहे.

शेकडो फोटो असतील तेव्हा इमेजमॅजिकला तोड नाही. येथे खिडक्या नाहीत, आदेश टाइप करावा लागतो. 'मोग्रिफाय' या आदेशाला 'ट्रिम' जोडले की संपूर्ण फोल्डर एका दमात छाटला जातो. मात्र 'मोग्रिफाय' मूळ फाइलवरच नवी फाइल लिहितो, म्हणून 'पाथ' देऊन निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावा. पीएनजीत जुन्या कॅन्व्हासवरील जागेची नोंद शिल्लक राहते. ती नको असल्यास 'रीपेज' अधिक चिन्हासह द्यावे. 'फझ' म्हणजे किती फरक असला तरी रंग सारखाच मानायचा हे ठरवणारा पर्याय; त्याने वर सांगितलेले फिकट पिक्सेलही दुर्लक्षित करता येतात, पण त्याची टक्केवारी थोडी थोडी वाढवत पाहावी. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या टॉवेलच्या जेपीईजी फोटोत ती जास्त झाली तर टॉवेलची कडच कापली जाते. जेपीईजीमध्ये पारदर्शकता साठतच नसल्याने तेथे छाटणी केवळ रंगावर होते, हे यामागचे कारण आहे.

ऑनलाइन विक्रेत्यासाठी छाटणी ही पहिली पायरी आहे. ॲमेझॉनच्या मुख्य फोटोसाठी पूर्ण पांढरी पार्श्वभूमी आणि चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूने व्यापावा अशी सूचना आहे. २००० पिक्सेलच्या चौरसात वस्तूची लांब बाजू १७०० पिक्सेल ठेवणे हा त्यासाठी सोयीचा मार्ग आहे, आणि कडा अचूक छाटल्या असतील तरच हे माप सर्व फोटोंत सारखे बसते. त्यामुळे कारखानदाराने पार्श्वभूमी गिम्पमध्ये काढावी आणि छाटणी व मापे इमेजमॅजिकवर सोपवावीत, असे मी सुचवेन. फ्लेक्सच्या दुकानाने, ग्राहक पीएसडी फाइल देत असतील तर, फोटोशॉपच ठेवावे.

जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीसाठी नक्षी तयार करणाऱ्यांनी मात्र ही छाटणी सरसकट करू नये. एका बुट्ट्याभोवतीची रिकामी जागा हीच पुढच्या बुट्ट्यापर्यंतचे अंतर ठरवते. ती छाटली गेली की नक्षीची पुनरावृत्ती लावताना बुट्टे एकमेकांना चिकटतात, आणि मूळ अंतर पुन्हा मोजून बसवावे लागते. अशा फाइलचा कॅन्व्हास पुनरावृत्तीच्या मापाचाच ठेवावा आणि गिम्पमध्ये गरज पडली तर केवळ लेअर छाटावी, म्हणजे बुट्ट्याची जागा हलत नाही.