पृष्ठभागावर रेणूंची जाळी: हायड्रोजन बंध निवडावा की सहसंयुज?

सपाट पृष्ठभागावर रेणूंची आपोआप जुळणारी रचना करायची ठरवली, की पहिला निर्णय बंधाचा. जाळी रेखीव हवी की टिकाऊ? दोन्ही एकदम क्वचितच मिळतं.

हायड्रोजन बंध, म्हणजे हायड्रोजनच्या अणूमार्फत दोन रेणूंमध्ये असलेली ओढ, कमकुवत असतो, आणि तेच त्याचं बळ. चुकीच्या जागी बसलेला रेणू खोलीच्या तापमानालाही सुटतो आणि पुन्हा नीट बसतो. ट्रायमेसिक आम्लाचंच बघा. बेन्झीनच्या कड्याला तीन कार्बॉक्सिल गट असलेला हा साधा रेणू ग्राफाइटवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी करतो. तिची छिद्रं साधारण १.१ नॅनोमीटरची. द्रावक म्हणून लांब साखळीचं मेदाम्ल वापरलं तर पोळं मिळतं. आखूड साखळीचं घेतलं तर रेणू अधिक दाट बसतात, त्या रचनेला ‘फूल’ म्हणतात. म्हणजे रेणू तोच, पण नक्षी द्रावक ठरवतो! साधनंही फार लागत नाहीत. चिकटपट्टीने ग्राफाइटचा वरचा थर सोलायचा, द्रावणाचा थेंब ठेवायचा आणि एसटीएमचं (रेणू दाखवणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचं) टोक थेट थेंबात उतरवायचं. मात्र ही जाळी फार तापवली किंवा धुतली, तर ती गेलीच म्हणून समजा.

सहसंयुज बंध म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला पक्का बंध. त्याची गोष्ट उलट. ब्रोमिन जोडलेले रेणू अतिनिर्वातात सोन्यावर बसवून तापवले, की कार्बन-ब्रोमिन बंध तुटतो आणि मोकळी टोकं एकमेकांना जुळतात. २००७ मध्ये पॉर्फिरिन या मोठ्या कड्याच्या रेणूवर हे सुरेख दाखवलं गेलं: एक ब्रोमिन असेल तर जोड्या, समोरासमोर दोन असतील तर साखळ्या, चार असतील तर जाळी. २०१० मध्ये याच वाटेने ग्राफिनच्या (एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या थराच्या) अणुअचूक फिती तयार झाल्या. २०० अंश सेल्सिअसला रेणू जुळले, ४०० अंशांना कडी मिटून फीत सपाट झाली.

मग अडचण कुठे? एकदा झालेली चूक इथे सुटत नाही. षटकोनाच्या जागी पंचकोन किंवा सप्तकोन बंद झाला, की तो तसाच राहतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सहसंयुज मार्ग धरायचा तर फिती करा. एका रेषेत जुळताना चुकायला वाव कमी असतो. दोन दिशांना पसरणाऱ्या जाळीत मोठा निर्दोष पट्टा मिळवणं फार जिकिरीचं.

छिद्रांत पाहुणे रेणू बसवायचे असतील किंवा रचना कशी घडते हेच अभ्यासायचं असेल, तर हायड्रोजन बंध पुरतो. विद्युतवहन मोजायचं असेल तर फीत हवी. पण ती सोन्यावरून उचलून विद्युतरोधक पृष्ठभागावर न्यावी लागेल, कारण खालचं सोनं स्वतःच वीज वाहून नेतं. नक्षी नकोच, नुसता पृष्ठभागाचा गुणधर्म बदलायचा आहे? मग सोन्यावर थायॉलचा, म्हणजे सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा, थर द्या, एवढा खटाटोप कशाला?

सहसंयुज मार्ग निवडलाच, तर एक चाचणी आधी करा: रेणू न तुटता त्याची वाफ होते का ते बघा. निर्वातात रेणूची वाफ करून तो पृष्ठभागावर बसवतात. रेणू मोठा असेल तर वाफ होण्याआधीच तुटू शकतो.