जुनी कॅराव्हॅन आणि पुण्यातील एक डीलर: पाचपैकी साडेतीन

निवृत्तीनंतर कोकण आणि कर्नाटक सावकाश हिंडावे, या हेतूने आम्ही पती-पत्नींनी गेल्या वर्षी पुण्याच्या वेशीवरील एका डीलरकडून ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली जुनी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, घेतली. हा अभिप्राय गाडीपेक्षा त्या व्यवहाराविषयी आहे.

पहिल्या भेटीत विक्रेत्याने पलंग, फ्रीज, शेगडी आणि बाहेर ओढायचे छत कौतुकाने दाखवले. पत्नीने मात्र आधी आरसी मागितली, आणि तिथेच पहिली अडचण निघाली. आसने काढून आत घर मांडलेले होते, परंतु कागदावर ती अजून तेरा आसनांची, पिवळ्या पाटीची पर्यटक गाडीच होती. "सगळे असेच चालवतात, साहेब," हे उत्तर आम्हाला पटले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि उद्या घाटात अपघात झालाच तर विमा कंपनी पहिले बोट याच विसंगतीवर ठेवणार. मोटार कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे वाहन उद्योगाचे स्वतंत्र मानक आहे. शिवाय वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर असताना पुणेकराने 'चालतंय' यावर समाधान मानावे, हे जरा विचित्रच. सुदैवाने बांधणी करणाऱ्याचे मंजुरीचे कागद उपलब्ध होते. ते आरटीओकडे नेऊन नोंद बदलण्याचे कष्ट तेवढे कोणी घेतले नव्हते.

म्हणून टोकन देण्यापूर्वी आम्ही साध्या कागदावर लिहून घेतले, की आरसीवर खासगी वापराची कॅम्पर व्हॅन अशी नोंद झाल्याखेरीज उरलेली रक्कम दिली जाणार नाही, त्यासाठी लागणारा कर डीलर भरेल, आणि नोंद न झाल्यास टोकन पूर्ण परत मिळेल. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले होते, पण आरसीवरील बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवलेला नव्हता; त्यासाठी बँकेची एनओसी आणि कर्ज संपल्याचा फॉर्म ३५ आम्ही आधी डोळ्यांनी पाहिले. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी १ एप्रिल २०२३ पासून आरटीओची अधिकृतता आवश्यक झाली आहे. ते प्रमाणपत्र मागताच समोरच्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवाने सांगतो.

गाडी नीट तपासायची म्हटल्यावर विक्रेता म्हणाला, "पाऊस संपल्यावर या, निवांत पाहता येईल." आम्ही मुद्दाम जुलैत, भर पावसात गेलो. छतावरील हवेच्या झडपेभोवती ओल आली होती, आणि पलंगाखालचा प्लायवूड अंगठ्याने दाबताच आत जात होता. उन्हाळ्यात हे कधीच दिसले नसते. डीलरने झडपेचे सील आणि तो प्लाय स्वखर्चाने बदलला, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

वजनकाट्यावर जायला मात्र तो शेवटपर्यंत नाखूश होता. दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच वाढतात. त्यावर बॅटऱ्या, फर्निचर, सिलिंडर आणि चार माणसे. टाकी भरून, माणसे बसवून घेतलेले वजन आरसीवरील कमाल वजनापेक्षा थोडेसेच कमी भरले. छतावर सामानाचा कॅरिअर बसवण्याचा आमचा बेत तिथेच बारगळला. गॅसचेही असेच: एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. या गाडीत ती होती, पण आतून कार्पेटने झाकलेली. टायरवरील, तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे वाचले तेव्हा मागची जोडी सहा वर्षांची निघाली, ती किमतीतून वजा झाली.

विक्रीपश्चात सेवा मध्यम आहे. फोन उचलतात, पण इन्व्हर्टरच्या वायरिंगचा नकाशा तीनदा मागूनही मिळाला नाही, तो शेवटी आमच्याच इलेक्ट्रिशियनने काढून दिला. आरसी नावावर होऊन हातात यायला अडीच महिने लागले. त्या काळात उरलेले पैसे आमच्याकडे होते, म्हणून तगाद्याचे फोन आम्हाला करावे लागले नाहीत. ते डीलरकडूनच येत राहिले.